एकच ताप, तीन रुग्ण, तीन औषधे

प्रश्न : आमचे गाव भंडारा जिल्ह्यात आहे. यंदा गणपतीनंतर महिनाभरात आमच्या घरातील तिघांना स्क्रब टायफस झाला. प्रथम सासूबाईंना. धुऱ्यावरचे गवत कापून आल्यावर साधारण दहा दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप आला. जवळच्या दवाखान्यात चार दिवस सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शने घेतली, पण ताप हटला नाही. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तेथील सिस्टरना त्यांच्या काखेत काळी खपली दिसली. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू केल्यावर दीड दिवसात ताप उतरला. नंतर बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या नणंदेला तोच आजार झाला. तिला मात्र अझिथ्रोमायसिन दिले. तिसरे आमचे चुलत दीर. त्यांनी आठ दिवस ताप अंगावर काढला, मग धाप लागली म्हणून नागपूरला अतिदक्षता विभागात न्यावे लागले आणि तेथे दोन्ही औषधे शिरेतून दिली. तिघेही आता बरे आहेत. पण घरात वाद असा की, यातले खरे चांगले औषध कोणते? दीर म्हणतात, आम्हाला भारी औषध दिले म्हणून वाचलो. गावात काहीजण सांगतात की डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त आणि गुरांना टोचतात त्या जातीचे औषध आहे. पहिल्या डॉक्टरांचे चुकले का? आम्ही सर्वांनी आधीच गोळ्या घेऊन ठेवाव्यात का? आणि माझ्या सात वर्षांच्या मुलाला हा ताप आला तर त्याला डॉक्सिसायक्लिन देऊ द्यावे का? त्याने दात खराब होतात असे ऐकले आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तिघेही घरी सुखरूप परतले, हे वाचून बरे वाटले. तुमच्या घरातील तीन रुग्ण आणि त्यांना मिळालेले तीन उपचार पाहिले, तर या आजाराच्या औषधोपचाराबद्दल आज वैद्यकशास्त्राला जे ठामपणे सांगता येते, त्यातील बहुतेक सर्व एकाच अंगणात आलेले दिसते. त्या तिघांना वेगवेगळी औषधे मिळाली ती डॉक्टरांचे एकमत नव्हते म्हणून नव्हे. तिघांची स्थिती वेगळी होती म्हणून. माझ्या मते तिन्ही निर्णय योग्य होते.

आधी गुरांच्या औषधाची गोष्ट निकालात काढू. पशुवैद्य गुरांना ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात हे खरे, आणि डॉक्सिसायक्लिन त्याच टेट्रासायक्लिन कुळातील आहे हेही खरे. पण त्यातून डॉक्सिसायक्लिन हलके ठरत नाही. जंतूला औषध घेणारा माणूस आहे की बैल, याच्याशी काही देणेघेणे नसते. ते औषध त्याच्यापर्यंत पोचते का आणि पोचल्यावर त्याचे काम बंद पाडते का, एवढाच प्रश्न असतो. या दोन्ही कसोट्यांवर डॉक्सिसायक्लिन स्क्रब टायफसमध्ये आजही पहिल्या पसंतीचे औषध आहे. ते स्वस्त आहे कारण ते जुने आहे. सात दिवसांचा पूर्ण डोस एखाद्या साध्या खोकल्याच्या बाटलीच्या किमतीत बसतो, हे आपले भाग्य समजावे. त्यावरून त्याच्या ताकदीची परीक्षा करू नये.

आता मुळाशी जाऊ, कारण पहिल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी ताप का हटला नाही, याचे उत्तर तेथे आहे. या आजाराचा जंतू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, हा आपल्या शरीरातील पेशींच्या आत शिरून राहतो आणि आतच वाढतो. गवतात व झुडपांत राहणाऱ्या माइट या अतिसूक्ष्म किड्याची अळी, जिला चिगर म्हणतात, ती चावल्यावर तो शरीरात येतो. मग रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी हे त्याचे घर बनते. रक्तवाहिन्या सर्व अवयवांत असल्यामुळे फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी कशावरही हा आजार उतरू शकतो, आणि तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात उतरतो. सेफ्ट्रियाक्झोन, सेफिक्झिम, अमॉक्सिसिलिन ही औषधे जंतूच्या बाहेरील भिंतीवर काम करतात. ओरिएन्शियाची भिंत मुळातच नावापुरती असते, शिवाय तो पेशीच्या आत दडलेला असतो आणि तेथे ही औषधे नीट पोचत नाहीत. म्हणून ती चार दिवस द्या किंवा चौदा दिवस द्या, स्क्रब टायफस त्यांना दाद देत नाही.

मग पहिल्या डॉक्टरांनी ती का दिली? तुमच्या पत्रात तपशील नाही, त्यामुळे मी त्यांच्यावर निवाडा देणार नाही. पण आपल्याकडे पावसाळ्यानंतर अंगावर ताप घेऊन आलेल्या रुग्णाला टायफॉइड असण्याची शक्यता मनात धरणे चुकीचे नाही, आणि टायफॉइडवर सेफ्ट्रियाक्झोन हे योग्य औषध आहे. टायफस आणि टायफॉइड या दोन नावांनी सामान्य माणसांचाच नव्हे, तर कधीकधी दवाखान्यातील कागदपत्रांचाही गोंधळ उडतो, पण हे दोन अगदी भिन्न जंतूंचे भिन्न आजार आहेत. गंमत अशी की हा गोंधळ एकदा मानवजातीच्या फार उपयोगी पडला. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल आणि त्यांचे सहकारी क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हाचे नवे औषध स्क्रब टायफसवर चालते का, हे पाहण्यासाठी क्वालालंपूरला गेले. ते चाललेच, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलांत असंख्य सैनिकांना ज्या तापाने लोळवले होते, त्यावर पहिल्यांदाच खरा उपाय सापडला. पण स्क्रब टायफस समजून औषध दिलेल्या रुग्णांपैकी काहींना प्रत्यक्षात टायफॉइड होता, आणि तेही बरे झाले! टायफॉइडवरील पहिले परिणामकारक औषध अशा रीतीने हाती लागले. आपल्या हातून मात्र असा सुखद अपघात सहसा होत नाही, कारण आज टायफॉइडसाठी देतो ती बहुतेक औषधे स्क्रब टायफसवर निकामी आहेत. पूर्वी सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिनही त्यातलेच. ज्या प्रथिनावर त्या गटातील औषधे काम करतात, त्याची रचनाच या जंतूत अशी आहे की औषध तेथे नीट लागू पडत नाही.

म्हणून पहिल्या डॉक्टरांबद्दल माझे मत विचाराल, तर पहिल्या दिवशी सेफ्ट्रियाक्झोन सुरू करणे हा दोष मी मानणार नाही. मात्र शेतीच्या हंगामात, विदर्भासारख्या भागात, गवत कापून आलेल्या बाईचा ताप अठ्ठेचाळीस तासांत हलला नाही, तर तेव्हाच अंगभर खपली शोधायला आणि डॉक्सिसायक्लिनचा विचार करायला हवा होता. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात या आजाराचा मोठा उद्रेक झाला आणि त्यात माणसे दगावली. त्यानंतर विदर्भातील डॉक्टरला हा आजार अपरिचित आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. खपली शोधण्याबाबत एक गोष्ट सांगतो. चिगर चावते ते दुखत नाही, नंतर होणारी खपलीही दुखत नाही आणि खाजतही नाही. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा, कडेने लालसर असा तो डाग असतो. काख, जांघ, स्तनांखाली, कमरेच्या घडीत, अशा झाकलेल्या जागीच तो बहुधा असतो. रुग्णाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात, विशेषतः साडीतल्या प्रौढ बाईला, सर्व कपडे बाजूला करून कोणी तपासत नाही. तुमच्या सासूबाईंचे निदान एका सिस्टरच्या नजरेने झाले, हे मला मुळीच नवल वाटत नाही. अर्थात खपली सापडली नाही म्हणून आजार नाही, असेही नाही. अनेक रुग्णांत ती असतच नाही किंवा सापडत नाही.

रक्ताच्या तपासणीचीही मर्यादा आहे. आयजीएम एलायझा ही नेहमीची चाचणी आजाराच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण तोपर्यंत शरीराने पुरेशी प्रतिद्रव्ये तयार केलेली नसतात. जुनी वाइल-फेलिक्स चाचणी त्याहून कच्ची. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोख असा आहे की, संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सासूबाईंसारख्या रुग्णात, म्हणजे ताप आहे, अंग दुखते आहे, पण श्वास, लघवी, शुद्ध आणि रक्तदाब ठीक आहेत अशा स्थितीत, डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन यांची तुलना अनेक ठिकाणी झाली आहे, मुख्यतः दक्षिण कोरिया आणि थायलंडमध्ये. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील एका अभ्यासात तर अझिथ्रोमायसिनचा एकच डोस आणि डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्या यांचे फळ सारखेच निघाले. अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. त्यात सात अभ्यास आणि ५४८ रुग्ण होते, आणि निष्कर्ष असा की टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन आणि रिफॅम्पिसिन ही सर्व उपयोगी ठरतात, त्यांच्यात मोठा फरक दिसत नाही, पण पुरावा फार भक्कम म्हणता येणार नाही. सात अभ्यास मिळून साडेपाचशे रुग्ण, हा आकडा पुन्हा एकदा वाचा. आशियातील कोट्यवधी शेतकऱ्यांच्या दारात असलेल्या आजारासाठी इतक्या वर्षांत इतकेच रुग्ण नीट अभ्यासले गेले, याची मला खंत वाटते.

दोन्ही औषधे सारखी असतील तर डॉक्सिसायक्लिनच आधी का? याची कारणे व्यवहारातील आहेत. एक तर या औषधाचा या आजारातील अनुभव सर्वांत दीर्घ आहे. दुसरे, आपल्याकडे पावसाळ्यात स्क्रब टायफस आणि लेप्टोस्पायरोसिस हे दोन्ही ताप एकाच शेतातून घरात येतात, सुरुवातीला ते सारखेच दिसतात, आणि डॉक्सिसायक्लिन दोहोंवर चालते. कोकणातील व मुंबईतील वाचकांना पुराच्या पाण्यातून चालल्यावर देण्यात येणारी ती गोळी आठवेल, ती हीच. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: अझिथ्रोमायसिन आपण सर्दी-खोकल्यावर इतके उधळले आहे की, ते जेथे अनिवार्य आहे तेथे ते राखून ठेवावे, हे शहाणपणाचे. ते अनिवार्य कोठे आहे, तर तुमच्या नणंदेच्या बाबतीत.

गर्भवती स्त्रीला टेट्रासायक्लिन कुळातील औषधे सहसा देत नाहीत, कारण गर्भाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होण्याची भीती असते. याउलट अझिथ्रोमायसिनचा गर्भारपणातील वापर बराच जुना आणि निर्धोक ठरलेला आहे. तिकडे उपचाराविना सोडलेला स्क्रब टायफस गर्भपाताला किंवा बाळ पोटात दगावण्याला कारण होऊ शकतो, त्यामुळे ‘औषधच नको’ हा पर्याय तिच्यासाठी नव्हताच. वर उल्लेखिलेल्या सूचनांतही गर्भवतींसाठी रोज ५०० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन पाच दिवस असाच उपचार सांगितला आहे. तुमच्या नणंदेला कमी दर्जाचे काही मिळाले असा समज कोणी करून घेऊ नये, तसेच तिला अधिक भारी मिळाले असेही समजू नये. अझिथ्रोमायसिनने ताप उतरायला कधीकधी थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा विशिष्ट दोष आहे किंवा जे त्यासाठी औषधे घेतात, त्यांना हे औषध देण्यापूर्वी ईसीजी पाहणे आवश्यक असते. ही गोष्ट वयस्कर रुग्णांच्या नातेवाइकांनी लक्षात ठेवावी.

तुमच्या दिरांची कथा वेगळी आहे, आणि त्यांच्या बाबतीत अलीकडेच काहीतरी खरोखर नवे कळले आहे. गंभीर स्क्रब टायफसमध्ये कोणते औषध द्यावे, याचा पक्का पुरावा बराच काळ नव्हता. सौम्य रुग्णांवरील अनुभवावरून अंदाज बांधला जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातील सात रुग्णालयांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान एका तरी अवयवावर आजार उतरलेल्या ७९४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली. एका गटाला शिरेतून डॉक्सिसायक्लिन, दुसऱ्याला शिरेतून अझिथ्रोमायसिन आणि तिसऱ्याला दोन्ही, असे सात दिवस दिले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नव्हते. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू, सातव्या दिवशीही न सुटलेली गुंतागुंत, किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यांपैकी काहीही झाले तर तो उपचार अपुरा धरायचा, असे आधीच ठरले होते. दोन्ही औषधे मिळालेल्या गटात असे ३३ टक्के रुग्णांत झाले. एकटे डॉक्सिसायक्लिन मिळालेल्यांत ४७ टक्के आणि एकटे अझिथ्रोमायसिन मिळालेल्यांत ४८ टक्के. म्हणजे साधारण सात गंभीर रुग्णांना एकाऐवजी दोन औषधे दिली, तर त्यांतील एक या वाईट फळापासून वाचतो. दुष्परिणामांचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच होते.

असे का व्हावे? जंतूला जगण्यासाठी प्रथिने तयार करावी लागतात, आणि ती ज्या यंत्रावर तयार होतात त्या रायबोसोमचे दोन भाग असतात. डॉक्सिसायक्लिन लहान भागाला पकडते, अझिथ्रोमायसिन मोठ्या भागाला. धानाची गिरणी बंद पाडायची असेल तर पट्टाही काढावा आणि धान पडण्याची तोंडेही बुजवावीत, तसे काहीसे हे आहे. एका वाटेने थोडे काम चालू राहिले तर दुसरी वाट ते अडवते. ही उपपत्ती पटण्यासारखी आहे.

पण दिरांना एक गोष्ट समजावून सांगा. या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. दोन औषधांचा फायदा मुख्यतः गुंतागुंत लवकर सुटण्यात दिसला. ‘भारी औषध दिले म्हणून वाचलो’ हे त्यामुळे अर्धेच खरे आहे. त्यांना वाचवण्यात औषधाइतकाच वाटा प्राणवायूचा, सलाइनच्या मोजक्या मात्रेचा आणि रात्रभर जागलेल्या परिचारिकांचा आहे. आणि त्यांनी आठ दिवस ताप अंगावर काढला नसता, तर कदाचित सासूबाईंसारख्या गोळ्यांवरच ते घरी बरे झाले असते. माझ्या पाहण्यात या आजारात वाईट झालेल्या रुग्णांत चुकीच्या औषधापेक्षा उशिरा मिळालेले औषध कितीतरी अधिक वेळा कारण ठरलेले आहे. हा निष्कर्ष उलट्या दिशेनेही ताणू नका. दोन औषधांचा फायदा गंभीर रुग्णांत सिद्ध झाला आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाला दोन्ही द्यावीत असा त्याचा अर्थ नाही. सौम्य आजारात एक औषध पुरते.

या निमित्ताने आणखी दोन नावांचा उल्लेख करतो, कारण कोणी ना कोणी ती तुमच्या कानावर घालेल. एक रिफॅम्पिसिन. उत्तर थायलंडमधील चिआंग राय भागातील काही रुग्णांत डॉक्सिसायक्लिनने ताप उतरायला फार वेळ लागतो, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘स्क्रब टायफस आता डॉक्सिसायक्लिनला जुमानत नाही’ अशी भीती पसरली. पुढे २००० मध्ये त्याच भागातील अभ्यासात रिफॅम्पिसिनने ताप अधिक लवकर उतरल्याचे दिसले. नंतरच्या संशोधकांनी ते जुने पुरावे पुन्हा तपासले तेव्हा खऱ्या प्रतिकाराचा दाखला फारच तोकडा आढळला. माझे मत विचाराल तर आपल्या देशात रिफॅम्पिसिन हे क्षयरोगासाठी जपून ठेवावे. लपलेला क्षय असलेल्या माणसाला ते एकटे दिले गेले, तर क्षयाचे जंतू त्याला सरावण्याचा धोका असतो, आणि तो सौदा फार महाग पडेल. दुसरे नाव क्लोरॅम्फेनिकॉल, ज्याची क्वालालंपूरची कथा वर आली. ते आजही चालते, पण क्वचित का होईना, रक्त तयार करणारा अस्थिमगज ते कायमचा बंद पाडू शकते. दुसरे औषध उपलब्ध असताना ते वापरण्याचे कारण उरत नाही.

डॉक्सिसायक्लिन घेताना पाळायच्या गोष्टी सासूबाईंना कोणी सांगितल्या होत्या की नाही, मला माहीत नाही, म्हणून लिहितो. प्रौढांसाठी नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्री अंथरुणात बसून एका घोटाबरोबर गोळी गिळली आणि लगेच झोपले, तर ती अन्ननलिकेतच चिकटून तेथे जखम करते. छातीत जळजळते, गिळताना दुखते, आणि मग ‘हे औषध मानवत नाही’ म्हणून लोक ते सोडतात. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पांढरी औषधे त्याच वेळी घेऊ नयेत, कारण ती डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतात. त्या दिवसांत उन्हात काम केल्यास अंगाची आग होऊ शकते. दीड दिवसात ताप गेला म्हणून गोळ्या बंद करू नयेत. अपुरा डोस घेतला तर ताप उलटू शकतो.

ताप दोन दिवसांत उतरणे ही या औषधाची इतकी ठरलेली खूण आहे की, अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत तो हलला नाही, तर औषध बदलण्याआधी निदानाचा फेरविचार करावा. डेंग्यू किंवा मलेरिया त्याच हंगामात असतो, आणि एकाच रुग्णाला दोन आजार असल्याचेही आढळते. एकदा होऊन गेला म्हणून हा आजार पुन्हा होत नाही असेही नाही, कारण या जंतूचे अनेक प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर पुरत नाही. लस अजून नाही. मात्र हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. तुमच्या घरातील तिघांना तो एकमेकांकडून लागला नाही. तिघे एकाच गवतातून, किंवा घरामागच्या एकाच पडीक तुकड्यातून गेले असणार. नणंद गरोदर असताना शेतात गेली नसेल, तर परसबागेतील झुडपे आणि उंदरांची बिळे आधी पाहा, कारण या माइटचे आणि उंदरांचे साहचर्य असते.

म्हणूनच सर्वांनी आधीच गोळ्या घेऊन ठेवाव्यात, हे मी सुचवणार नाही. आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन घेऊन हा आजार टाळता येतो असे दिसून आले आहे, पण तो उपाय थोड्या दिवसांसाठी बाधित भागात जाणाऱ्या सैनिकांसारख्या लोकांना शोभतो. तुम्ही तेथेच राहता, तेथेच शेती करता. वर्षानुवर्षे अशा गोळ्या घेण्यात तोटाच अधिक. त्यापेक्षा गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायजमा किंवा पायमोजे घालणे, घरी येताच ते कपडे गरम पाण्यात टाकणे, साबणाने अंग घासून आंघोळ करणे आणि कापलेल्या गवतावर न बसणे, एवढे केले तरी पुष्कळ.

राहिला तुमचा मुलगा. दातांची भीती निराधार नाही, पण ती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आलेली आहे. ते औषध लहान मुलांना दीर्घकाळ आणि वारंवार दिल्यावर दात पिवळे-तपकिरी होत. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला त्या मानाने कमी चिकटते, आणि आठ वर्षांखालील मुलांनाही ते थोड्या दिवसांसाठी दिल्यावर दातांवर डाग पडल्याचे दिसत नाही, असे पुढील अभ्यासांत आढळले. त्यामुळे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना एकवीस दिवसांपर्यंतच्या उपचारासाठी कोणत्याही वयात त्याला मान्यता देते. आपल्याकडे मुलांसाठी वजनाप्रमाणे डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन, असे दोन्ही पर्याय सांगितले आहेत. सौम्य आजारात तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी अझिथ्रोमायसिन निवडले तर त्याला माझी हरकत नाही. पण मूल सुस्तावले आहे, झटके येत आहेत किंवा श्वास जलद चालतो आहे, आणि डॉक्टर डॉक्सिसायक्लिन म्हणत आहेत, तर दातांच्या काळजीने त्यांना अडवू नका.

त्याला ताप आला तर पहिल्याच दिवशी त्याचे सर्व कपडे काढून, कानामागे, काखेत, बेंबीभोवती, जांघेत आणि शिश्नाच्या आसपासही काळी खपली आहे का ते स्वतः पाहा. डॉक्टरांकडे गेल्यावर, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, घरात यंदा तिघांना स्क्रब टायफस झाला आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा आणि तिघांच्या कागदपत्रांची पिशवी सोबत ठेवा.